मुंबईतली ज्यू ठिकाणं पायी बघायची तर: मशीद बंदर ते काळा घोडा

सगळ्यात आधी एक सांगते, शनिवारी जाऊ नका. मी गेले होते. नाशिकहून आलेले मामेभाऊ आणि वहिनी सोबत होते, मशीद स्टेशनवर उतरून विचारत विचारत सॅम्युएल स्ट्रीटवरच्या सिनेगॉगपाशी (म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळापाशी) पोचलो, तर आत प्रार्थना चाललेली. एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले आणि आवाज न चढवता म्हणाले, "आज शब्बाथ ना बाई, उद्या या. आणि त्या दादांना टोपी आणायला सांगा."

शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस. दर्शन हुकलं, पण त्या एका वाक्यावरून वहिनी दिवसभर आश्चर्य करत राहिली. ज्यू म्हणजे कोणीतरी गोरे, परदेशी, इंग्रजी बोलणारे अशी तिची समजूत. समोरचा माणूस मात्र आमच्या अलिबागच्या काकांसारखं मराठी बोलत होता. त्यानंतर मी ही फेरी चार-पाच वेळा केली, कधी गाइडबरोबर, कधी पाहुण्यांना घेऊन. तेव्हापासून माझा हट्टच झालाय की मराठी माणसाने ही फेरी मराठीतूनच करावी आणि मशीद बंदरपासून सुरू करावी. बहुतेक टूर काळ्या घोड्याला सुरू होतात, कारण तिथलं सिनेगॉग फोटोत सुंदर येतं आणि पाहुण्यांची हॉटेलं जवळ असतात. पण मग आधी बगदादहून आलेल्या धनाढ्य ससूनांची गोष्ट कानावर पडते आणि कोकणातून आलेले तेली, सैनिक, कारकून तळटीप होऊन बसतात. क्रमाने ते आधीचे आहेत.

दिवस आणि वेळ

रविवार सकाळ उत्तम. मांडवी-मशीद हा घाऊक बाजार. इतर दिवशी दहा-साडेदहानंतर हातगाड्या, टेम्पो आणि डोक्यावर पोती घेतलेले हमाल यांच्यामधून गाइडचं एक वाक्य धड ऐकू येत नाही. रविवारी गल्ल्या मोकळ्या असतात. फक्त मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा, कारण ही फेरी मध्य रेल्वेवर बेतलेली आहे.

शुक्रवारी दुपारनंतर शब्बाथची तयारी सुरू होते, म्हणून शुक्रवारही टाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यहुदी सण एकामागोमाग येतात, त्या दिवसांत पाहुण्यांना प्रवेश नसतो किंवा कमी असतो. या सणांना बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत जुनी मराठी नावं आहेत. नवीन वर्ष तो 'नव्याचा सण', आणि प्रायश्चित्ताचा योम किप्पूर तो 'दरफाळणीचा सण', कारण त्या दिवशी दारं लावून उपास करत बसायचं. गाइडला ही नावं माहीत आहेत का, ते सहज विचारून बघा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात सॅम्युएल स्ट्रीटला जाण्यात शौर्य आहे, सुख नाही.

गाइड कसा निवडायचा

पर्याय तीन. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याचा परवाना असलेले गाइड, शहरात वारसा-फेऱ्या काढणाऱ्या संस्था, आणि समाजातलीच एखादी जाणती व्यक्ती. तिसरा पर्याय जमला तर सोनं. सिनेगॉगच्या विश्वस्तांकडे चौकशी केली तर कधी कधी कोणी तयार होतं. मानधन किती हे आधी ठरवा, "तुम्ही द्याल ते" यावर सोडू नका. दोघांनाही अवघड होतं.

पैसे भरण्याआधी फोनवर हे विचारा: फेरी मराठीत होईल का? गटात किती जण असतील? (दहाच्या वर असतील तर नको म्हणा. सिनेगॉगच्या सज्ज्याच्या जिन्यावर आणि बाजारातल्या फुटपाथवर त्यापेक्षा जास्त माणसं मावत नाहीत.) प्रत्येक ठिकाणी आत जाण्याची परवानगी तुम्ही काढणार की मी? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. "बाहेरून दाखवतो" हे उत्तर आलं तर फेरी अर्धी झाली असं समजा.

मग परीक्षा घ्यायची असेल तर एकच प्रश्न टाका: सात रस्त्याचं जेकब सर्कल कोणाच्या नावाचं? एका फेरीत आमच्या गाइडने ठोकून दिलं होतं की जेकब ससूनच्या. नाव जेकब, आसपास दोन सिनेगॉग, म्हणून जमवलेलं गणित. ते एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं नाव आहे, आणि आता चौकाला संत गाडगे महाराजांचं नाव आहे. जो गाइड "ही दंतकथा, हे कागदावर आहे" असा फरक स्वतःहून करतो, त्याच्यामागे निर्धास्त चाला.

परवानगी, ओळखपत्र, टोपी

२००८च्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात कुलाब्याचं नरिमन हाउस हे ज्यू केंद्र लक्ष्य झालं. तेव्हापासून प्रत्येक ज्यू ठिकाणी बंदोबस्त आहे आणि तो असणारच. त्यामुळे निदान आठवडाभर आधी सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती पाठवा, आणि त्या दिवशी मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. आधार चालतं, परदेशातून आलेल्या नातेवाइकांना पासपोर्ट आणायला सांगा. मोठी बॅग घेऊ नका. पोलिसांचे, चौकीचे, कॅमेऱ्यांचे फोटो अजिबात काढू नका.

कपडे देवळात जाताना घालतो तसे, खांदे-गुडघे झाकणारे. देवळापेक्षा एक फरक आहे. आपला हात दारात सवयीने चपलेकडे जातो. इथे तो डोक्याकडे जायला हवा. पुरुषांनी डोकं झाकायचं. काही ठिकाणी किप्पा, म्हणजे ती छोटी गोल टोपी, ठेवलेली असते, पण आपली साधी टोपी किंवा रुमाल बरोबर असू द्या. गांधी टोपीसुद्धा चालते. माझ्या मामेभावाने दुसऱ्या खेपेला तीच आणली होती आणि ती सगळ्यांना आवडली. चपलांचं काय, ते दारात विचारून घ्या.

पहिला टप्पा: सॅम्युएल स्ट्रीट

साडेआठला मशीद स्टेशनच्या पश्चिमेला भेटा. पुलावर उभं राहूनच गाइडला पहिली गोष्ट सांगू द्या. बेने इस्रायली पूर्वी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, आणि स्टेशनचं नाव मुसलमानांच्या मशिदीवरून नसून यहुद्यांच्या 'जुन्या मशिदी'वरून पडलं, असं समाजात सांगतात. जवळच १८४३ साली उभं राहिलेलं शारे रासोन सिनेगॉग, ती 'नवी मशीद'.

जुनी मशीद म्हणजे शार हरहमीम, दयेचं द्वार. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग, १७९६चं. आजची जागा १८६० सालची. बांधलं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी. मराठी नाव सामाजी हसाजी दिवेकर, कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले. पुढची कथा अशी सांगतात, की कैद्यांना मारायचं ठरलं तेव्हा यांनी आपण बेनी इस्रायल असल्याचं सांगितलं, टिपूच्या आईने हे लोक कुराणात उल्लेखलेले आहेत असं म्हणून रदबदली केली, आणि जीव वाचला तर देवाचं घर बांधीन हा नवस दिवेकरांनी मुंबईत फेडला. रस्त्याचं सॅम्युएल हे नावही त्यांचंच मानलं जातं.

दारातून आत जाण्याआधी उजव्या हाताची चौकट बघा. तिथे बसवलेली लहानशी डबी दिसेल, ती मेझुझा. आत चर्मपत्रावर लिहिलेली वचनं असतात. येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना लावतात. आपण उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो, तसंच काहीसं.

आत शिरल्यावर गाइडला दोन मिनिटं गप्प राहायला सांगा आणि आधी स्वतः दिशा ओळखा. पश्चिमेच्या भिंतीत पडद्यामागे कपाट आहे, ते हेखाल. इथून जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून तोंड तिकडे. युरोपातल्या सिनेगॉगमध्ये हेच पूर्वेकडे असतं. हेखालात सेफेर तोराह, धर्मग्रंथाच्या हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या, उभ्या लाकडी किंवा चांदी मढवलेल्या पेट्यांत ठेवलेल्या असतात. त्या दाखवा असा आग्रह धरू नका. मधोमध कठड्याचा चौथरा, तो तेवा; हझ्झान तिथे उभं राहून प्रार्थना चालवतो. वरचा सज्जा बायकांचा. छताला टांगलेले काचेचे दिवे मोजत बसू नका, पण हेखालासमोरचा तेवत असलेला एक दिवा चुकवू नका, तो विझू द्यायचा नसतो.

आणखी एक वस्तू मला दरवेळी थांबवते. बाजूला एक खुर्ची असते, तिच्यावर कोणी बसत नाही. ती एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिजा प्रेषिताची. मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंतेच्या विधीच्या वेळी बाळाला त्या खुर्चीवर क्षणभर ठेवतात. कोकणातल्या ज्यूंचं या प्रेषिताशी वेगळंच घरोब्याचं नातं आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत असं मानतात, आणि नवस बोलताना, फेडताना, लग्नकार्यात त्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, सुकामेवा, वर फळं. ताट बघितलंत तर घरच्या पूजेचा प्रसाद वाटेल.

भिंतीवरच्या देणगीदारांच्या पाट्या वाचायला दहा मिनिटं राखून ठेवा, आणि मोबाइलवर रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडा. पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर, केहीमकर (गाव किहीम). नाव वाचायचं, गाव शोधायचं. मुलं बरोबर असतील तर हा खेळ त्यांना द्या. परंपरेनुसार यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया. गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. धर्मग्रंथ हातातून गेले होते, भाषा गेली होती. शनिवार मात्र त्यांनी सोडला नव्हता. मला दारातून परत पाठवणाऱ्या त्या गृहस्थांचा "आज शब्बाथ ना बाई" हा साधा नकार नंतर मला वेगळाच ऐकू आला.

फोटो विचारून. फ्लॅश नको. दानपेटीत काहीतरी टाका. इथे तिकीट नसतं आणि इमारत सव्वादोनशे वर्षांच्या वारशाची आहे. प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांचा कोरम लागतो, त्याला मिन्यान म्हणतात. बहुसंख्य कुटुंबं इस्राएलला गेली, आज देशभरात ज्यू उरलेत चार-पाच हजार. त्यात दहा जण जमवणं म्हणजे काय, हे राखणदाराला विचारलंत तर तो मोकळेपणाने बोलतो.

दुसरा टप्पा: भायखळा

मशीदहून धीमी लोकल, मध्ये सँडहर्स्ट रोड आणि मग भायखळा. पाच रुपयांचं तिकीट. चालत जाण्याचा मोह टाळा. अंतर फार नाही पण पुढे पाय लागणार आहेत.

इथून गोष्ट बगदादींची. डेव्हिड ससून १७९२ला बगदादला जन्मले, १८३०च्या सुमारास छळाला कंटाळून निघाले आणि मुंबईत आले. कापूस, कापड आणि अफू यांच्या व्यापारावर हे घराणं मोठं झालं. चीनला जाणाऱ्या अफूचा उल्लेख गाइड टाळत असेल तर तुम्हीच विषय काढा. दानधर्माच्या पाट्या एवढ्या ठिकाणी वाचायच्या, तर पैसा कुठून आला तेही कळलं पाहिजे.

स्टेशनच्या पश्चिमेला जे. जे. रोडवर, रिचर्डसन क्रुडास कंपनीच्या समोर, मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे. डेव्हिड ससूननी बांधलेलं, १८६४चं. त्याच वर्षी ते पुण्याला वारले. त्यांची कबर तिथल्या 'लाल देऊळ' म्हणतात त्या सिनेगॉगच्या आवारात आहे. समोर उंच खांब, वर घड्याळाचा मनोरा. लांबून चर्चच वाटतं. जेकब ससूननी १९१०मध्ये ते वाढवलं. आवारातच ससूनांच्या नावाच्या शाळा आहेत. एके काळी बगदादी मुलांसाठी काढलेल्या या शाळांत आता बहुतेक विद्यार्थी भायखळा-नागपाड्याची मुसलमान मुलं आहेत. मधल्या सुट्टीच्या वेळी गेलात तर सिनेगॉगच्या पायऱ्यांसमोरचा गोंगाट ऐका. माझ्या मते या फेरीतलं सगळ्यात मुंबईकर दृश्य तेच, पण रविवारी ते मिळत नाही, एवढी किंमत मोजावी लागते.

इथे गाइडकडून बगदादी आणि बेने इस्रायली यांच्यातलं अंतरही ऐकून घ्या. धर्म एक, पण अरबी बोलणाऱ्या आणि पुढे इंग्रजाळलेल्या बगदादींना मराठी बोलणारे, काळेसावळे कोकणी ज्यू अस्सल वाटेनात. १८३०च्या दशकात दफनभूमीत मधे भिंत घाला, अशी मागणी बगदादींनी सरकारकडे केली होती. आपल्याकडची सोवळ्याओवळ्याची उतरंड आठवली तर नवल नाही.

मग पूल ओलांडून पूर्वेला, राणीच्या बागेत. बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतात. दाराशी उभा घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या देणगीतला. आणि आत, झाडांच्या सावलीत, घोड्यावर बसलेला प्रिन्स ऑफ वेल्स. हाच मूळचा काळा घोडा. डेव्हिड यांचे पुत्र आल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला, १८७९ला फोर्टात उभा राहिला आणि १९६५मध्ये तिथून हलवून इकडे आणला. नाव तिकडे राहिलं, घोडा इकडे आला. घोड्याभोवती एक चक्कर मारा, मान वर करून बघा. तासाभराने त्याची रिकामी झालेली जागा बघायची आहे.

बागेजवळचं मसिना हॉस्पिटल म्हणजे ससूनांचा जुना बंगला, सां सूसी. चालू रुग्णालय आहे, रस्त्यावरूनच बघा.

पोटपूजा इथेच उरका. भायखळ्याला इराणी आहेत, खिमा-पाव आहे, शाकाहाऱ्यांना उडपी आहेत. ज्यू जेवण हॉटेलात मिळेल ही आशा ठेवू नका, ते घरचं. पण जेवताना एक गोष्ट ध्यानात घ्या. कोशेर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या, नियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. कोकणातल्या बायकांना त्याची कधी अडचणच वाटली नाही, कारण मटणाच्या रश्शात पडायचं ते नारळाचं दूध. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवाही गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवूनच करतात. त्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही तो चालतो.

तिसरा टप्पा: काळा घोडा

भायखळ्याहून लोकलने सीएसएमटी, तिथून डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौक आणि पुढे काळा घोडा. रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. चौकात २०१७ पासून नवा घोडा उभा आहे. त्याच्यावर स्वार नाही.

आधी डेव्हिड ससून लायब्ररी. सुरुवात १८४७ची, कारागिरांच्या वाचन-मंडळातून. मालाडच्या पिवळसर दगडाची ही इमारत १८७०ची. आत डेव्हिड ससून संगमरवरात उभे आहेत, पागोटं आणि पायघोळ झग्यात. मुलगे पुढे सूटबुटात गेले, नातवंडं लंडनला. या एका पोशाखावर गाइड पाच मिनिटं बोलला नाही तर तुम्ही प्रश्न विचारा. मागच्या बागेत खुर्च्या आहेत. वाचनालय आहे, आवाज बेताचा.

तिथून दोन मिनिटांवर, व्ही. बी. गांधी मार्गावर, केनेसेथ एलियाहू सिनेगॉग. जेकब ससूननी वडील एलियास यांच्या स्मरणार्थ १८८४ला बांधलं. बरीच वर्षं ते आकाशी निळं होतं आणि निळं सिनेगॉग म्हणूनच पत्ता सांगत. आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०१९पासून ते आपल्या मूळच्या फिकट रंगात आलंय. जुन्या मुंबईकरांना चुकल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं. पण वर प्रार्थनागृहात गेलात की तक्रार विसराल: रंगीत काचा, कोरीव खांब, पायाखाली व्हिक्टोरियन फरशी. फोटोचं शुल्क असेल तर भरा. सकाळी पाहिलेल्या सॅम्युएल स्ट्रीटच्या खोलीशी मनात तुलना होतेच. हेखाल, तेवा, सज्जा, दिवा. नेमकी तीच मांडणी. म्हणूनच हे शेवटी. इथून सुरुवात केली असती तर तुम्ही फक्त काचा पाहिल्या असत्या.

इथवर साधारण तीन वाजतात. जोर उरला असेल तर कुलाब्याचा ससून डॉक (१८७५, आल्बर्ट ससून) आणि नरिमन हाउसचं स्मारक. नरिमन हाउसला आधी नोंदणी हवी, आणि तिथे सेल्फी काढू नका एवढंच सांगते.

उरलेली ठिकाणं याच दिवसात कोंबू नका. सात रस्त्याची तिफेरेथ इस्रायल आणि मागेन हसिदीम ही नांदती प्रार्थनास्थळं, माझगावची सर एली कदुरी शाळा (१८७५ची इस्रायली शाळा, हाइम सॅम्युएल केहीमकरांनी काढलेली), चिंचपोकळीची बगदादी दफनभूमी, डॉ. ई. मोझेस रोड (मुंबईचे महापौर झालेले बेने इस्रायली डॉक्टर, १९३७) आणि ठाण्याचं १८७९चं सिनेगॉग, यांचा वेगळा दिवस करा. दफनभूमीत जाणार असाल तर परवानगी वेगळी लागते. तिथल्या दगडांवर हिब्रू आणि इंग्रजी वाचायला मिळतं.

आणि खरी पहिली पायरी बघायची तर अलिबाग. इस्रायल आळीतलं १८४८चं मागेन आबोथ सिनेगॉग, मग रिक्षाने नवगाव, जिथे किनाऱ्याजवळ त्या फुटलेल्या गलबताचं स्मारक आहे. गेटवेहून मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, नाहीतर पेणमार्गे एसटी.